गो, नो-गो

अंबडच्या शेडमध्ये अण्णांनी एकतीस वर्षं
बोल्ट तपासले.
हातात गेज, एक टोक जाणारं, एक न जाणारं.
जाणारं गेलं पाहिजे,
न जाणारं अडलं पाहिजे.
घरी डब्याचं झाकणसुद्धा ते दोनदा लावून बघत.

मी पाथर्डी फाट्यावर, तिसऱ्या मजल्यावर बसते.
आमचं सॉफ्टवेअर वजनकाट्याचं:
भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, पावती.
त्या वजाबाकीला मी एकटीला गाठते.
ऋण आकडा देते, कोरी जागा देते,
रिकामी गाडी भरलेलीपेक्षा जड करून देते,
तिने नाही म्हणावं म्हणून.
अशा नऊशे चाळण्या, बारीक छिद्रांच्या.
चहाचा कप ओठांशी नेईपर्यंत
सगळ्या चालून होतात.

त्यांच्यावर दोनशे, जरा जाड.
काटा पावतीशी बोलतो का, पावती वहीशी.
बोल्ट बरोबर, नट बरोबर,
आणि दोघांचे आटे वेगळे,
हे अण्णांनी एकदा पाहिलंय,
दिवाळीच्या आदल्या रात्री, चार हजार नग.

सगळ्यात वर फक्त अकरा.
तिथे एक न दिसणारा माणूस ब्राउझर उघडतो,
गाडीचा नंबर टाकतो,
पावती येईपर्यंत ताटकळतो.
फार हळवा आहे तो.
बटण दोन बोटं सरकलं तरी कोलमडतो.
रात्री अडीचला नेट अडखळलं की सकाळी सगळं लाल,
आणि पुन्हा चालवलं तर म्हणतो,
कुठे काय, ठीक तर आहे.
असल्या साक्षीदारावर किती भिस्त ठेवायची?
म्हणून अकराच.

पूर्वी हे हेमलता भामरे हाताने करायच्या,
एक्सेलच्या चारशे ओळी, दर शुक्रवारी.
कंटाळल्या की मुद्दाम चुकायच्या.
पावती अर्धी सोडून चहाला जायच्या,
येऊन तेच बटण तीनदा दाबायच्या.
निम्मे दोष त्यांच्या कंटाळ्याने धरले.
नऊशे अधिक दोनशे अधिक अकरा,
एकालाही कंटाळा येत नाही.

मंगळवारी सगळं हिरवं होतं.
पिंपळगावच्या काट्यावर निवृत्ती मोगलांनी
रिकाम्या गाडीचं वजन टाकलं: ४२३०.
मराठी आकड्यांत. नातीने नवा कीबोर्ड बसवून दिला होता.
वजाबाकीपर्यंत पोचताना त्याचं शून्य झालं,
आणि शून्य काही गुन्हा नाही.
पावती सुंदर छापली गेली.
सात गाड्यांचं लोखंड टोमॅटोच्या भावात गेलं
तेव्हा फोन आला, आवाज अगदी शांत:
"मॅडम, तुमच्या मशीनला वाचता येत नाही का?"

त्या रात्री मी सगळ्यात खाली एक ओळ वाढवली.
नाव दिलं: निवृत्ती मोगल.
आधी दुरुस्ती नाही. आधी ती चाचणी चालवली,
लाल होते का बघायला.

अण्णा पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभे होते.
"अडलं?"
"अडलं."
"मग गेज बरं आहे."
निघाले, दारात थांबले.
"गेजसुद्धा झिजतं बरं का.
आम्ही वर्षातून एकदा पुण्याला पाठवायचो, तपासायला.
तुमची कुठे पाठवता?"