पस्तीस सकाळी

गरम पाण्यातून काढलेलं जाळीदार प्लास्टिक
त्यांनी माझ्या चेहऱ्यावर ओढलं,
ओल्या फडक्यासारखं, कोमट.
"हलू नका, तुरे," एल्वी म्हणाली,
"जमलं तर गिळूही नका."
काही मिनिटांत ते घट्ट झालं,
माझ्या नाकाचं झालं, हनुवटीचं झालं,
लहानपणी शिंग लागून भुवईवर पडलेल्या
खाचेचंसुद्धा झालं.
मग तिनं त्यावर पेननं फुली मारली.

आम्ही वासरांचे कान कातरतो, घराण्याची खूण म्हणून.
मी विचारलं, आता मी कुणाच्या कळपातला?
ती हसली नाही.
जाळीतून शब्द नीट निघाले नसतील.

उमेओच्या इस्पितळात, रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी
मुखवटा टेबलाला अडकवतात, कट, कट, कट.
हिरव्या रेघा फुलीवर येऊन थांबतात
आणि सगळे बाहेर जातात.
दार इतकं जाड की लागताना आवाज करत नाही.
ज्याच्यापासून सगळे दूर पळतात
ते एकट्या माझ्यासाठी राखून ठेवलेलं.
यंत्राचं डोकं माझ्याभोवती फिरतं,
कळप मोजणाऱ्या म्हाताऱ्यासारखं, सावकाश, गुणगुणत.
दिसत काही नाही. लागत काही नाही.
दोन ग्रे.

दिसत तेव्हाही काही नव्हतं.
शहाऐंशी साल, एप्रिलची अखेर,
उरल्यासुरल्या बर्फावर पडलेला साधा पाऊस.
दगडफुलानं तो पिऊन घेतला,
रेनडिअरनी दगडफूल खाल्लं,
आणि पानगळीत, कापणीच्या वेळी,
एक माणूस खोका घेऊन आला.
तीनशेच्या वर म्हणजे खायचं नाही, म्हणाला.
आमच्या मांसावर निळा रंग ओतला,
कुणी चुकून शिजवू नये म्हणून.
आईनं पातेलं पालथं घातलं
आणि तो दिवस कॉफीवर काढला.
पुढच्या वर्षी सरकारनं आकडा पंधराशे केला.
तेच मांस, तोच डोंगर.
कुंपण तेवढं सरकलं.

म्हणून मी डॉक्टर दरयानींना विचारलं:
सत्तरच का? साठ का नाही, शंभर का नाही?
त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर गोळे काढले.
रोज थोडं तोडायचं, म्हणाल्या,
रात्री थोडं सांधू द्यायचं.
चांगल्या पेशीला शिवण येते,
गाठीतली ती विसरलेली असते.
सत्तरच्या बऱ्याच अलीकडे थांबलो तर गाठ उरेल,
बरंच पुढे गेलो तर गळा उरणार नाही.

काट्यानं काटा निघतो, कबूल.
पण मग तो दुसरा काटा ठेवायचा कुठे?
हे मी विचारलं नव्हतं. पंधरा दिवस विचारलं नव्हतं.
शुक्रवारी मारित मला गाडीतून घरी न्यायची,
आणि मी नातीपासून दूर, बाकाच्या टोकाला बसायचो,
कॉफीचा कप वेगळा ठेवायचो,
इंगा जवळ आली की लाकडं आणायला उठायचो.

शेवटी एल्वीपाशी बोललो.
तिनं हातातली फाईल खाली ठेवली.
"यंत्र बंद, की किरण बंद," ती म्हणाली,
"तुमच्यात काही मागे राहत नाही.
बसवा की तिला मांडीवर."

त्या शुक्रवारी मांडीवर घेतलं.
सात वर्षांची, जड झालीये.
माझी मान भाजल्यासारखी लाल,
तिनं बोटावर मलम घेतलं
आणि जपून, श्वास रोखून लावलं.
सूपाची चव लोखंडाची होती.
दुसऱ्या वाडग्याचीही.

आज बावीस. तेरा राहिल्या.
गाठीचं काय झालं, इतक्यात कुणी सांगत नाही.
मुखवटा शेवटी घरी नेता येतो म्हणे.
इंगाचं ठरलंय, तो शेडच्या छपराखाली टांगायचा,
डोमकावळ्यांना घाबरवायला.
टांगू दे.
तिथे वारा असतो.
इथे त्याला हलायची बंदी आहे.