गुलछडीची मान

अँटॉप हिलच्या मागे, मिठागरांकडे उतरणाऱ्या गल्लीत
सात घोड्यांचा तबेला आहे.
पाटी नाही. वासावरून सापडतो.

थर्माकोलच्या डब्यात बर्फ निम्मा विरघळलाय,
कुप्या एकमेकींवर किणकिणतायत,
आणि दारात आडवे रमजूभाई चाबुकस्वार:
आज नको डॉक्टरीणबाई,
उद्या दादरला वरात आहे.
मान सुजली तर नवरदेव बसवू कुठं,
माझ्या खांद्यावर?

मी म्हणते, सुजली तर सुपारीएवढी,
झेंडूखाली झाकेल.
ते पिवळं कुत्रं गेल्या आठवड्यात
तुमच्याच गटारापाशी गोल गोल फिरून मेलं ना?
ते नुसते तंबाखू मळत राहतात.

मी रजिस्टर उघडते.
नाव, गुलछडी. रंग, पांढरा.
पांढरा काय, ते चिडतात, नुकरा लिहा.
वय?
ओठ उलटा करून दात बघतात:
बारा. गिऱ्हाइकाला नऊ सांगतो.
मालक?
तिथं जरा जागा सोडा, हप्ते चाललेत.

तेवढ्यात त्यांचा नातू अर्शद गूळ घेऊन येतो.
घोडी जीभ बाहेर काढते, लांब, खरखरीत,
सगळा तळहात पुसून घेते.
तळहातावर मांज्यानं कापलेली चीर.
ओली. आता लाळेनं चकाकणारी.

कॉलेजात या विषयाला
जाडजूड पुस्तक होतं, परीक्षा होती.
कुणी सांगितलं नव्हतं की
जनावर आणि माणूस यांच्यामधलं अंतर
पतंगाच्या दोऱ्याइतकं असतं,
आणि त्यावर गूळ लागलेला असतो.

रमजूभाईंनीही पाहिलं.
तंबाखू झटकून ते लगाम धरतात.
अब्बांच्या पायात नालेचा खिळा घुसला होता, म्हणतात,
धनुष्यासारखे वाकले होते खाटेवर.
परळहून औषध आणलं,
घोड्याच्या रक्तातनं काढलेलं म्हणे.
वाचले.
पुढं रात्री झोपेत फुरफुरायचे,
अम्मा वैतागायची,
हे म्हणायचे, मी नाही, तो आतला.

करा, म्हणतात. माझ्याकडे बघत नाहीत.

मानेवर त्रिकोण शोधते, बोटांनी.
कातडी उष्ण, खाली काहीतरी सावकाश वाहतंय.
सुई जाते.
माशी बसल्यासारखी एक लाट
मानेवरून खांद्यापर्यंत उतरते आणि संपते.
गुलछडी गुळाकडेच बघतेय.

सहा राहिले.
काळा बादल लाथ मारतो, डबा उलटतो,
बर्फाचं पाणी लिदीत.

जाताना अर्शद बाही वर करून उभा:
मला पण कार्ड.
माझ्याकडे घोड्यांचीच आहेत रे.
महापालिकेच्या दवाखान्यात जा, तो हात दाखव,
धनुर्वाताची सुई घे.

वरातीनंतर नेतो, रमजूभाई म्हणतात.

मी डब्याचं झाकण लावत नाही, तशीच उभी राहते.

बरं, म्हणतात. आधी.