पाच मिनिटं इकडं, पाच मिनिटं तिकडं

पहिला म्हणाला, अलाइनमेंट. केलं.
दुसरा म्हणाला, बॅलन्सिंग. रिमला शिशाचे तुकडे ठोकून दिले.
तिसऱ्यानं गाडीकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं:
मॅडम, तुम्ही स्टेअरिंग फार घट्ट धरता.
चौथा म्हणाला, रॅकच बदला, अठरा हजार,
आणि कॅल्क्युलेटर माझ्यापुढं सरकवला.

झेन आहे, नव्याण्णवची. एमएच तेरा.
मागच्या सीटवर बर्फाची पेटी, पेटीत रक्ताच्या नळ्या.
तिऱ्हे, मंद्रूप, वळसंग,
पहाटेपासून उपाशीपोटी बसलेल्या माणसांचे दंड.
साठच्या पुढं गाडीला रस्ता वाचता येत नाही,
डावीकडं भटकते, ओढून आणली की पुढं जाऊन हेलकावते,
गतिरोधकावर खालून कुणी सुपारी फोडल्यासारखं होतं.
मग लॅबमधून फोन:
बिराजदार मॅडम, आजचे चार नमुने फुटले,
वरचं पाणी गुलाबी आलंय. परत काढा.

परत काढा.
ज्या म्हातारीची शीर मला तिसऱ्यांदा सापडली होती
तिच्या दारात जाऊन म्हणायचं, आजी, हात.

अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या मागांच्या शेडमध्ये
येमूल मेस्त्रींनी खड्डा खणलाय.
वीस वर्षं जॉबर होते. चाळीस माग एकदम चालू असताना
कुठला धोटा आता उडणार, ते चहा पिता पिता ओळखायचे म्हणे.
त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. विचारलं:
ब्रेक दाबल्यावर ओढती का सोडल्यावर?
आवाज टक हाय का खड?
थंड असताना, का दहा किलोमीटर झाल्यावर?
मला हसू आलं.
रोज सकाळी मीच विचारते की असं,
कधीपासून, जेवणाआधी की नंतर.

बॉनेटच्या कोपऱ्यावर त्यांनी सगळं अंग टाकलं, सोडलं.
गाडी वर, खाली, वर, खाली, वर.
"एकदा उठून गप बसायला पायजे. ही तर पाळण्यात बसलीया."
टायरच्या आतून तळहात फिरवला:
आतली कड साबणाच्या चिपेसारखी, बाहेरची जशीच्या तशी.
जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं. गप्प.
आडवं धरून हलवलं.
टक.

"तुमी आत बसा. स्टेरिंग हलवा, पुरं नाही.
घड्याळात पाच मिनिटं इकडं, पाच मिनिटं तिकडं."
आणि ते खड्ड्यात उतरले.
मला दिसत होती फक्त काच, आणि काचेत शेडचा फाटका पत्रा.
पाच मिनिटं इकडं.
पाच मिनिटं तिकडं.
"थांबा," गाडीच्या पोटातून. "परत. सावकाश. हां."
खाली त्यांचं बोट कुठल्या सांध्यावर होतं कोण जाणे.
"डोळ्याला नाय दिसायचं ह्ये," ते म्हणाले.

चादरीच्या जुन्या लेबलामागं यादी लिहिली.
टाय रॉडची टोकं, दोन्ही.
खालच्या आर्मचे बुश, चिरलेले.
पुढचे शॉकर, तेल गळून मेलेले.
मजुरी धरून सहा हजार दोनशे.
"रॅक?"
"धडधाकट. त्याला हात लावू देऊ नका कुणाला."
काढलेला सांधा माझ्या हातावर ठेवला.
मूठभर लोखंड, जीभ सैल झालेली.
मी तो खुळखुळ्यासारखा वाजवला. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वळसंगच्या रस्त्याला
सत्तरवर गाडी सरळ चालली
आणि मी उजवीकडं.
दोन वर्षं तिला ओढून आणणारे हात
आता कशालाच ओढत नव्हते, तरी ओढत होते.
समोरून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मधली पांढरी रेघ.
मी एकेक बोट सैल केलं.
तिसरा मेकॅनिक आठवला, आणि त्याचा राग आला,
कारण आता खरंच घट्ट धरलं होतं.

म्हातारीनं विचारायच्या आत बाही वर केली.
"उद्या परत येणार का गं?"
नाही, म्हणाले.
मग रबर बांधता बांधता म्हणाले,
बघू.