टाके सुकल्यावर

टाके सुकले, केसही आले वर.
अंबडच्या कंपनीतले म्हणतात, मुरलीधर बरा झाला.
मीही तेच म्हणते. पेढे वाटलेत सिडकोभर.

पण हातात व्हर्निअर धरून
उभा राहतो तो, त्याचं नाव शोधत.
नाव विसरतो,
विसरलोय हे तेवढं विसरत नाही.

गोळ्यांचा डबा आता माझ्या पर्समध्ये.
घारपुरे घाटाचा रस्ता टाळतो आम्ही
कारण न बोलता.

काल कुकर लावता लावता विचारलंच,
मरावंसं वाटतं का रे?
दोन शिट्ट्या झाल्या.
"हो," म्हणाला. "कुणी विचारलंच नव्हतं."

जेवलो. वरणात मीठ नव्हतं.
"उद्याचं लिहून ठेव, ताई, मी विसरेन."
त्याच्याच तळहातावर लिहिलं:
सिव्हिल, सकाळी नऊ, दोघं.