सगळ्यांना सोयीची वेळ

सगळ्यांना सोयीची वेळ नसतेच,
हे मला तिसऱ्या संध्याकाळी कळलं,
भिलवडीच्या शाळेत, प्रयोगशाळा क्रमांक दोनमध्ये,
फळ्यावर सहा घड्याळं काढून बसले होते तेव्हा.
चौघांचे काटे पुऱ्या तासावर,
आसामचा खगेन आणि मी तेवढे
अर्ध्यावर लोंबणारे.
कुणाशीही वजाबाकी केली
की तीस मिनिटं हातात उरतात,
बाजारातून परतताना उरते
तशी चिल्लर.

उरुग्वेची इनेस म्हणाली, सकाळी अकरा.
किसुमूच्या अतिएनोला पाच चालतात,
मुलगी शाळेतून आलेली असते.
फिजीच्या लितियाकडे तेव्हा रात्रीचे दोन,
तेही उद्याच्या तारखेचे.
चालेल, तिने लिहिलं,
पाणी चढायच्या दिवसांत झोप कुठली.
नदीचं नाव विचारलं, तर म्हणे रेवा.
मी खडू खाली ठेवला.
आमच्याकडेही एक आहे गं,
लांब उत्तरेला,
लोक तिला प्रदक्षिणा घालतात.

यंत्र तसं साधं.
पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, आत पाणी मोजणारा डोळा.
आराखडा सगळ्यांचा, मालक कुणीच नाही.
कुणीही बनवावं, कुणीही बिघडवावं,
बिघडलेलं लपवू नये, एवढीच अट.
मुख्याध्यापकांनी विचारलं, यात शाळेला काय मिळणार?
मी म्हटलं, सर, सध्या तरी मीटिंग.

जिनपाल मगदूमनी दुकानातली बॅटरी आणून दिली.
त्यांच्या भिंतीवर पुराची रेघ आहे ऑइलपेंटने मारलेली,
माझ्या खांद्याला लागते.
पैशाचं नंतर बघू म्हणाले,
आकडा तेवढा आधी आमच्या मोबाइलवर येऊ दे.

साडेसातला सुरू झालो,
सात चौतीसला लाइट गेली.
बॅटरी टुक करून जागी झाली.
पडद्यावर माझ्या चौकोनाखाली 'प्रयोगशाळा २' असंच नाव,
आणि इनेस मला तसंच हाक मारत राहिली,
लॅब टू, तुझं काय मत?
पहिला मुद्दा, आराखड्यात बदल कुणी करायचा.
त्यावर हॉलंडचा योस्ट पन्नास मिनिटं बोलला.
खगेन मध्येच गोठला, तोंड उघडं ठेवून,
काहीतरी मोलाचं सांगायला निघाल्यासारखा.

मग अतिएनो हळूच म्हणाली,
माझं यंत्र नदी भरलीय म्हणतं
आणि नदीत तर बकऱ्या चरतायत.
तिने पाइप कॅमेऱ्यापुढे उपडा केला.
आत कोळी.
इनेस हसत सुटली, अगं, आमच्याकडेपण!
लितिया कुजबुजली, घरात मुलं झोपलेली,
आमच्याकडेपण.
मी टेबलावरचा उचलला, कालच पुलावरून काढून आणलेला.
कोळी निघून गेलेला,
जाळं मात्र शाबूत, त्यात एक डास.
योस्टकडे कोळी आढळले नव्हते,
त्याने उगाचच माफी मागितली.

त्यानंतर कुणी मुद्द्यांचा कागद पाहिला नाही.
कडुलिंबाचं तेल, पुदिन्याचा अर्क, मच्छरदाणीचा तुकडा,
आपण नदी मोजायला निघालो आणि
तोंडाशी बसलाय आठ पायांचा हा गडी,
त्यालाही घर हवंच की.
तेवढ्यात खगेन वितळला
आणि विचारता झाला, तर मग काय ठरलं?

इतिवृत्त मीच लिहिलं, दुसरं कोण लिहिणार.
मुद्दा एक, निर्णय नाही.
मुद्दा दोन, कोळी.
मुद्दा तीन, अवघड वेळ दर महिन्याला फिरवावी.
पुढचे रात्रीचे दोन माझे.

बॅटरी परत करताना जिनपालना तसं सांगितलं.
ते शटर ओढता ओढता थांबले.
म्हणाले, मग मीपण येतो.
त्या रेवावाल्या बाईंना विचारायचंय,
तिकडं दुकानं
कितव्या मजल्यावर घालतात.