सत्त्याऐंशी पट्ट्यांचं बिल

टॉडमॉर्डनच्या त्या गिरणीत आता कापूस नाही.
तिसऱ्या मजल्यावर विनिफ्रेड ॲक्रॉइड राहते,
तिचा काळा पियानो, आणि माझ्यासाठी एक स्टूल
ज्याचा एक पाय आखूड आहे.
वर्षातून दोनदा मी जातो, सूर लावायला.

माझे आवडते संगीतकार मी असे ओळखतो:
पियानोच्या पोटात काय सापडलं त्यावरून.
लीड्सचा पोरगेला डेस्मंड: खिळे, स्क्रू, एकदा अर्धं खोडरबर.
हॅलिफॅक्सची ओडेट म्हणते, पेडल करकरू दे,
तेल घातलंस तर दुसरा माणूस बघेन.
स्किप्टनला एक म्हातारा आहे, पस्तीस वर्षं सिनेमाला संगीत देतोय,
त्याच्या पियानोत काहीच नसतं.
धूळसुद्धा नाही.
त्याचं नवं काम मला ऐकवत नाही.

ॲक्रॉइडबाई नमदा घालते.
हातोडी आणि तार यांच्यामध्ये करड्या नमद्याची पट्टी,
मग सूर असा येतो
जणू शेजारच्या खोलीत कुणी नुकतंच झोपलंय.
'हल्ली सगळ्यांना हेच हवं, मिस्टर शिक्लगर,' ती म्हणते,
'दुःख, पण पायमोजे घालून.'

आमच्या मिरजेत उलटं.
अब्बा जवारी काढायचे.
घोडीवर कानस, फुंकर, पुन्हा कानस,
मग तारेखाली सुताचा दोरा
केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे,
आणि तंबोरा असा उघडायचा
की गल्लीतल्या बकऱ्या माना वर करायच्या.
तार वाजते मधे, म्हणायचे, पण बोलते ती टेकते तिथं.
मला ते जमलं नाही. हात जड.
ते कधी रागावले नाहीत,
फक्त कानस माझ्या हातून काढून घेतली.

हे सगळं मी बाईला का सांगितलं, ठाऊक नाही.
नोव्हेंबर होता, चार वाजताच अंधार,
आणि ती अडली होती
सिनेमाच्या शेवटच्या चाळीस सेकंदांवर.
एक बाई दार लावून घेते, बस्स, एवढंच दृश्य.
ॲक्रॉइडबाईनं माझ्या कोटाचं लोंबतं बटण ओढलं,
दोरा माझ्या हातात दिला: 'दाखव.'

आता पियानोची घोडी वेगळी, तार पोलादी,
त्यावर तांब्याचा वेढा. जवारी कसली निघतेय.
खालच्या एका सुराखाली दोरा सारला
आणि बरणीत अडकलेल्या माशीसारखं काहीतरी गुणगुणलं.
अब्बांनी खोलीच सोडली असती.
मी चिमटा पुढे केला.
'हात लावू नकोस,' ती म्हणाली,
आणि मी आहे हे विसरली.
मी चहा केला, दोघांचा प्यालो,
सहा-बावन्नची गाडी खालून गेली तरी ती त्याच एका पट्टीवर.

एप्रिलमध्ये हॅलिफॅक्सला सिनेमा लागला.
अकरा माणसं, मी चौथ्या रांगेत.
बाईनं दार लावलं.
चाळीस सेकंदं, स्वच्छ,
धुऊन वाळत घातलेली.
कुणाला तरी तो बिघाड वाटला असणार;
लंडनमध्ये कुणीतरी पगार घेऊन माशी मारली.
नावं वर सरकत राहिली, झाडूवाला पोरगा ताटकळला,
मी मात्र शेवटपर्यंत बसलो,
कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं.

फोन केला तर ती म्हणाली, 'चेक वटला.'
मग थोडा वेळ काहीच नाही.
मग टेलिफोनातून, लांबून, ती माशी.

मे महिन्यात गेलो. नमदा बदलला,
दोनशेच्या वर तारा, एकेक करून सगळ्या लावल्या.
एक सोडून.
तिथं माझा दोरा, जरा काळवंडलेला,
शेजारी तिनं पेन्सिलीनं बाण काढलाय.
ती खिडकीत पाठमोरी उभी.
मी बिल लिहिलं: पट्ट्या सत्त्याऐंशी.
तिनं वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं,
आणि पैसे अठ्ठ्याऐंशींचे दिले.
कोटाला बटण अजून नाही.