टाचेखालची जमीन

सावद्याला बसस्टँडसमोर माझं फ्लेक्सचं दुकान.
वाढदिवस, दशक्रिया, निवडीबद्दल अभिनंदन.
मागे सोनेरी किरणं, मध्ये भाऊंचं तोंड गाडीच्या चाकाएवढं,
खाली शुभेच्छुक, पदाप्रमाणे लहान होत गेलेले,
शेवटची रांग मोहरीएवढी.
पाय कुणालाच नाहीत.

बडगुजर सर आले एकदा, स्वतःच्याच निवृत्तीचा बॅनर न्यायला.
शाई सुकेपर्यंत बघत राहिले.
"सुपडू, सातशे वर्षं मागे गेलास की रे."

आठवीत त्यांनीच दाखवलं होतं ते,
केळीच्या सोपटानं बांधलेल्या जाड पुस्तकातून,
युरोपातल्या भिंती, लाकडी फळ्या.
मागे नुसतं सोनं. आभाळ नाही, दुपार नाही.
संत ताडाएवढा, आणि चित्राचे पैसे ज्यानं दिले
तो त्याच्या पायाशी, उंदराएवढा, हात जोडून.
पावलं खाली लोंबलेली,
दोरीवर वाळत घातल्यासारखी.
आईच्या मांडीवर बाळ,
त्याला शहाण्या म्हाताऱ्याचं तोंड.
आम्ही हसलो. सर नाही हसले.
"हात चांगलाच होता त्यांचा. बघायचं दुसरीकडे होतं.
माणूस म्हणजे वरच्या गावाला जाताना लागणारं
गाडी न थांबणारं स्टेशन."

मग पान उलटलं.
मेलेल्या लेकराभोवती माणसं, आणि त्यात
एक बाई पाठमोरी बसलेली.
पाठमोरी! देवाच्या चित्रात!
तिला रडायचं होतं, आपल्याला दिसायचं नव्हतं.
सर तिथे बराच वेळ थांबले.
पुढच्या पानांवर बाळाच्या मांडीला वळी पडली,
सोनं खरवडून मागे डोंगर आला, नदी,
आणि कुणाच्या तरी टाचेखाली,
पहिल्यांदाच, सावली.

"असं का झालं सर?"
"जुन्या पोथ्या सापडल्या, व्यापार वाढला, हे परीक्षेत लिहा.
मला विचाराल तर
कुणाला तरी शेजाऱ्याचं नाक आवडलं."

त्याच संध्याकाळी त्यांनी आम्हाला स्टेशनात नेलं.
रूळ कुठे मिळतात? निंबा म्हणाला, रावेरला.
"तुझ्या डोळ्यात, येड्या.
दोन पावलं सरक, तो बिंदूही सरकेल."
निंबा सरकला. आम्ही सगळेच सरकलो.
मालगाडी आली तेव्हा सरांनी मोजून सगळ्यांना मागे घेतलं.

गेल्या महिन्यात केवळबाई गेली.
चाळीस वर्षं वखारीत घड उचलले तिनं.
सोबतच्या बायांनी वीस-वीस रुपये जमवले,
फोटो एकच मिळाला, मोबाइलमधला, ट्रक भरतानाचा,
तीही कोपऱ्यात.
मी नेहमीसारखं तोंड कापलं, ढगात ठेवलं,
मागे तेज सोडलं, खाली समई.
ती केवळबाई नव्हती.
मागे मागे आलो. ढग काढले, तेज काढलं.
राहू दिला ट्रक, चिखल, वाळलेली पानं,
डोक्यावरचा घड, डाव्या पायावर टाकलेला भार,
उजवी टाच जराशी उचललेली.
उंची बायांना विचारली.
"माह्या कानाएवढी," एकीनं सांगितलं.
मी तिचा कान मोजला. चार फूट सात इंच.
तेवढीच छापली.

बॅनर उलगडला तर तीच म्हणाली,
"किरणं नाही टाकले रे भाऊ? पैसे तर पुरे देले."
मी काय सांगणार होतो? सरांचं पुस्तक?
दुसरी मात्र वाकून टाचेकडे बघत होती.
"तिचा घोटा दुखे ना. अशीच उभी राहे ती."
आणि तिनं बॅनरकडे पाठ केली,
ट्रकच्या आडोशाला जाऊन बसली.

आज पुन्हा भाऊंचा वाढदिवस.
किरणांची फाइल तयारच असते.
शेवटच्या रांगेतला एक पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला.
मी विचारलं, उभा फोटो आहे का तुझा?
म्हणाला, कशाला?
म्हटलं, असू दे. चपलांसकट पाठव.